थकलेल्या पगाराचा सावकार

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांपुढे अरबाचा विषय काढा. शिपाई म्हणून त्याला सहसा कोणी आठवत नाही, आठवतो तो सावकार. खळ्यावर ज्वारीची रास पडायचा अवकाश, कमरेला वाकडी कट्यार, म्हणजे जंबिया, खोचून स्वारी हजर. वसुली झाल्याशिवाय उंबऱ्यावरून हलायचं नाव नाही. पठाण रोहिल्याचीही हीच ख्याती. या आठवणी खोट्या नाहीत, फक्त त्या गोष्टीच्या मध्यापासून सुरू होतात.

हा माणूस आला आजच्या येमेनमधल्या हद्रमौतातून. मुलूख कोरडा, पोटासाठी घर सोडणं भाग. नागपूरकर भोसल्यांकडे, खानदेशातल्या गढ्यांवर तो भाडोत्री शिपाई होता. 1818 मध्ये मालेगावचा किल्ला लढवणाऱ्या अरबांना इंग्रजांनी जहाजात घालून परत धाडायचं ठरवलं, तेव्हा या धंद्याचे इकडचे दिवस भरले होते. निजामाचा मुलूख तेवढा उरला. नांदेडच्या हदगाव भागात नोवसाजी नाईक मस्के या हटकर सरदाराने नव्ह्याच्या किल्ल्यातून निजामाला आव्हान दिलं, तेव्हा त्याच्या पदरीही अरबच होते. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनच्या फौजेने किल्ला घेतला आणि आतले बहुतेक अरब कापले गेले. नोवसाजींचं नाव आज आदराने घेतलं जातं. त्यांच्यासाठी मेलेल्या अरबांची नावं मात्र कोणाच्या ओठी नाहीत.

जे निजामाच्या चाकरीत टिकले, त्यांची अडचण निराळी होती. सरकारी पगार महिनोन्‌महिने थकायचा. खजिना रिकामा, म्हणून दरबाराने तोड काढली : अरब तुकडीच्या जमादाराला तालुक्याचा महसूल लावून द्यायचा, त्याने आपल्या माणसांचा पगार त्यातून वसूल करायचा. एकदा शिपाई वसुलीला बसला की सावकारी किती लांब? ज्याला सारा भरायला पैसे नाहीत, त्याला कर्ज देणारा आणि सारा मागणारा एकच. गुजराती-मारवाडी पेढ्यांनाही वसुलीला असा हत्यारबंद माणूस हवाच होता. शेतकऱ्याने शिव्या दिल्या त्या दारातल्या अरबाला. माझ्या मते त्यातल्या निम्म्या तरी दरबाराच्या वाट्याच्या होत्या.

1853 मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी हे ओळखलं. कर्जं फेडून तालुके सोडवले, अरबांनी ऋणकोंना परस्पर डांबण्यावर बंदी घातली. जमादारांचं फारसं बिघडलं नाही. उमर बिन अवद अल-कुऐती हा हैदराबादचा जमादार इथल्या पैशावर हद्रमौतात जमिनी आणि किल्ले घेत गेला, त्याच्या वंशजांनी मुकल्ल्याला सल्तनत थाटली आणि ती 1967 पर्यंत चालली. नांदेडच्या बाजारात पाच-पन्नास रुपये व्याजाने लावणाऱ्या शिपायाचं तसं काही झालं नाही. त्याने इथलीच बायको केली, मुलं दखनी बोलू लागली, जंबिया लग्नात मिरवण्यापुरता उरला.

मग सप्टेंबर 1948, हैदराबादवर भारतीय फौजेची कारवाई, म्हणजे पोलीस अॅक्शन. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या होता कासिम रझवी, लातूरचा वकील. रझाकारांच्या जुलमाने गावंच्या गावं पोळली होती. पोलीस अॅक्शननंतर उलट बाजूने मुसलमानांवर जी हिंसा झाली, तिचा अंदाज सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार मृत्यू असा दिला. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. अरबांचा प्रश्न याहून वेगळा पडला. नव्या सरकारच्या लेखी ते परदेशी होते. अनेकांना छावण्यांत डांबलं, काहींना एडनकडे रवाना केलं. ज्याचा बाप इथेच जन्मला, त्याला परत कुठे पाठवायचं, याचं धड उत्तर कोणापाशी नव्हतं.

लढाईत मेला तर त्याची नोंद शत्रूच्या अहवालात, जगला तर ऋणकोच्या आठवणीत, उरला तर परदेशी म्हणून छावणीच्या यादीत. त्याने स्वतः केलेली नोंद असलीच तर व्याजाच्या वहीत, आणि 1948 च्या लुटीत आधी जाळावी अशी चीज तीच. कर्जदाराने ती जाळली असेल तर मी त्याला दोष देणार नाही. हुतात्म्यांच्या यादीत या शिपायाला जागा नाही, ती असावी असंही मी म्हणत नाही. पण नांदेड-परभणीत आजही या अरबांच्या वंशातली चाऊस आडनावाची घरं आहेत, आणि मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना आपण त्यांना सरसकट रझाकारांच्या रांगेत उभं करतो. त्यांच्यातला कोण रझाकार होता आणि कोण निव्वळ पगार थकलेल्या शिपायाचा नातू, हे निवडायची तसदी 1948 मध्ये कोणी घेतली नाही, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. शाळेच्या पुस्तकाला ती घाई कशाची आहे?