भीतीचे गिऱ्हाईक

डॅन गिलरॉय यांच्या ‘नाइटक्रॉलर’ (२०१४) या चित्रपटाच्या सुरुवातीला लू ब्लूम तारेचे कुंपण कापतो, गटारांची झाकणे पळवतो आणि तो माल भंगारवाल्याला विकायला नेतो. व्यवहार उरकला की त्याच्याकडेच नोकरी मागतो. आपण मेहनती आहोत, ध्येय मोठे आहे, असे पाठ केल्यासारखे बोलतो. भंगारवाला साफ नकार देतो: चोराला कामावर ठेवणार नाही. पुढे लॉस एंजेलिसची एक वृत्तवाहिनी याच माणसाला दार उघडते. चित्रपटाचा सगळा अर्थ या दोन उत्तरांमधल्या फरकात आहे.

चोरीची सायकल देऊन लू कॅमेरा आणि पोलिसांचे संदेश ऐकणारा स्कॅनर मिळवतो, आणि स्ट्रिंगर बनतो. हा धंदा काल्पनिक नाही. अपघात, आग, गोळीबार यांच्या मागे रात्रभर गाडी पळवायची, चित्रण करायचे आणि पहाटेच्या बातम्यांआधी ते विकायचे, हे काम लॉस एंजेलिसमध्ये अनेकजण करत आले आहेत. गिलरॉय यांना हा विषय विजी या छायाचित्रकारामुळे सुचला. १९३०-४०च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये गाडीत पोलीस रेडिओ ठेवून तो खुनाच्या जागी पोहोचत असे.

लूची भूमिका करण्यासाठी जेक जिलेनहालने सुमारे तेरा किलो वजन घटवले. त्याचे खोल गेलेले डोळे विसरता येत नाहीत. पण लूला वेडा ठरवून मोकळे होणे ही प्रेक्षकाने शोधलेली पळवाट आहे. त्याची भाषा ऑनलाइन व्यवसाय-अभ्यासक्रमांतून उचललेली आहे. मदतनीस रिकला तो रात्रीचे तीस डॉलर देतो आणि बोलतो मात्र मोठ्या कंपनीच्या मालकासारखा. अपघातातला मृतदेह तो ओढून नेतो, कारण दुसऱ्या जागी दृश्य अधिक ठळक दिसते. त्याची महत्त्वाकांक्षा बाजाराच्या नियमांना धरूनच आहे. त्या नियमांत ‘इथे थांब’ असे काही लिहिलेले नाही, इतकेच.

आणि बाजारात गिऱ्हाईक हवे. ते गिऱ्हाईक म्हणजे नीना, रेने रुसोने साकारलेली वृत्तसंपादक. तिची वाहिनी मागे पडलेली, करार संपत आलेला. आपल्याला काय हवे, हे ती लूला सरळ सांगते: शहरातली गुन्हेगारी उपनगरांत शिरते आहे अशी बातमी, बळी सधन आणि शक्यतो गोरा, हल्लेखोर गरीब किंवा अल्पसंख्याक. पुढे ग्रॅनाडा हिल्समधल्या एका घरात तिघांचा खून होतो. पोलिसांच्या आधी पोहोचलेला लू थेट आत शिरून चित्रण करतो. मग त्या घरात कोकेन सापडल्याचे कळते. म्हणजे हा कोणत्याही सुखवस्तू कुटुंबावर होऊ शकणारा हल्ला नव्हता, अमली पदार्थांसाठी पडलेला दरोडा होता. एक सहकारी हे सांगण्याचा आग्रह धरतो. नीना ते वगळते, कारण त्याने भीती ओसरेल.

या चित्रपटातले सर्वांत गंभीर कृत्य हेच आहे, आणि त्यात एकही दृश्य खोटे नाही.

खऱ्या लॉस एंजेलिसचे आकडे इथे समोर ठेवायला हवेत. १९९२ मध्ये त्या शहरात हजारावर खून झाले होते. चित्रपट आला त्या २०१४ मध्ये ती संख्या तीनशेच्याही खाली होती. दोन दशकांत शहर इतके सुरक्षित झाले, तरी पडद्यावरची रात्र रक्ताळलेलीच राहिली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नॉर्मन लिअर सेंटरने २०१० मध्ये तिथल्या स्थानिक बातम्या तपासल्या. अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात स्थानिक शासनाच्या वाट्याला सरासरी २२ सेकंद येत होते. गिलरॉय यांनी हा आकडा थेट संवादात घेतला आहे.

‘लोकांना हेच हवे असते’ असे म्हणत वाहिन्या प्रेक्षकांकडे बोट दाखवतात, आणि त्यात अर्धे सत्य आहे. पण ३० एप्रिल १९९८ रोजी लॉस एंजेलिसच्या एका फ्रीवेवर एका माणसाने आत्महत्या केली. काही वाहिन्यांनी मुलांचे कार्यक्रम थांबवून तिथले थेट प्रक्षेपण लावले होते. त्या दुपारी मुलांनी कार्टून मागितले होते, हा मृत्यू नव्हे.

चित्रपटाच्या शेवटी रिक मारला जातो आणि त्याचे मरणही लू चित्रित करतो. पोलिसांना लूवर संशय असतो, पुरावा नसतो. लूकडे दोन व्हॅन आणि तीन नवे उमेदवार येतात. काही प्रेक्षकांना हा शेवट अन्यायकारक वाटतो. गिलरॉय यांनी तो तसाच ठेवला हे योग्यच झाले. लूला शिक्षा झाली असती तर प्रेक्षक समाधानाने उठले असते, आणि कोकेनची बातमी गाळणारी नीना त्यांच्या लक्षातही राहिली नसती.