दात सरकवतं कोण?

रायपूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या भाचीला, दात सरळ करण्यात आयुष्य घालवलेल्या मामाचं पत्र

चि. भाचीबाईंस,


तुझा मेसेज वाचला. खालचे दोन दात एकमेकांवर चढलेत, वरचा सुळा वळलाय, तारा नकोत, पारदर्शक अलाइनर हवेत आणि तेही ताईच्या लग्नाआधी. शिवाय एका क्लिनिकमध्ये कुणीतरी तुला पडद्यावर तुझेच सरळ झालेले दात दाखवले आणि तू हरखलीस. मामाने जन्मभर तारा लावल्या, तो प्लास्टिकला नाकं मुरडणारच, असं तुझी आई म्हणाली म्हणे. तसं काही नाही. तुझ्यासारखे थोडे दाटीचे दात अलाइनरने छान होतात. फक्त ते कसे होतात हे कळल्याशिवाय पैसे भरू नकोस. एनआयटीत मेकॅनिकल शिकतेस, तुला हे समजायला अवघड नाही.

अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचा प्लास्टिकचा ट्रे, तुझ्या आजच्या दातांना मुद्दाम न बसणारा बनवतात. एखादा दात आहे तिथून साधारण पाव मिलिमीटर सरकलेला असता तर त्यावर जो नीट बसला असता, तो ट्रे आज चढवायचा. म्हणून पहिल्या दिवशी तो आवळतो. दात तेवढा सरकला की ट्रे सैल वाटतो, मग पुढचा. बनवण्याची रीत तुझ्या वर्कशॉपमधलीच आहे. तोंडाचा स्कॅन घेतात, संगणकावर दात टप्प्याटप्प्याने हलवतात, प्रत्येक टप्प्याचा साचा थ्री-डी प्रिंटरवर छापतात, तापवलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर ओढून बसवतात आणि हिरडीलगत कापतात. एका माणसासाठी असे दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त ट्रे लागतात.

इथवर सगळं यंत्रशास्त्र झालं. पण दात सरकवण्याचं खरं काम प्लास्टिक करत नाही. ते तुझं हाड करतं.

दाताचं मूळ जबड्यात थेट रुतलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटरची जागा असते, त्यात तंतूंचं जाळं असतं आणि त्या झोळीत दात टांगलेला असतो. ट्रेने दात ढकलला की एका बाजूचे तंतू चेपतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. चेपलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला नवं हाड घालणाऱ्या. पुढची भिंत झिजते, मागची भरत येते आणि दात आपल्या खोबणीसकट सरकतो. हाडात स्क्रूने बसवलेला कृत्रिम दात, म्हणजे इम्प्लांट, कितीही दाबला तरी असा सरकत नाही, कारण त्याच्याभोवती हे तंतूच नसतात. कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९०४-०५च्या सुमारास कुत्र्यांचे दात सरकवून आतली पेशीजाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हापासून हे माहीत आहे.

आता जोर किती लावायचा? इथे तुम्हा इंजिनिअरांचा अंदाज चुकतो. दुप्पट जोर लावला तर दात दुप्पट वेगाने जात नाही. उलट अडतो. श्वार्झ नावाच्या संशोधकाने १९३२मध्ये मांडलं की दाब सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधल्या दाबापेक्षा जास्त नसावा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. त्याच्या वर गेलं की तिथलं रक्त थांबतं, तेवढा भाग मरतो आणि शरीर तो साफ करीपर्यंत दात जागचा हलत नाही. म्हणून "दर चार दिवसांनी ट्रे बदला, लवकर संपवा" असं कुणी म्हणालं, तर कशाच्या आधारावर ते विचार. साधारणपणे एक ते दोन आठवड्यांनी ट्रे बदलतात.

हे तंत्र तुला वाटतं तेवढं नवं नाही. अमेरिकेत हॅरल्ड केसलिंग या दंतवैद्याने १९४५मध्ये रबराचा एक ठोकळा केला होता. तारांनी उपचार जवळपास संपले की शेवटची कसर त्याने निघे. थोडे थोडे बदललेले असे ठोकळे एकामागून एक वापरले तर दात बरेच हलवता येतील, हेही त्यानेच लिहून ठेवलं. पण प्रत्येक टप्प्यासाठी मेणात हाताने दात रचत कोण बसणार? ते काम संगणकाने सोपं केलं. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ हे दोघे स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकत होते, दंतवैद्य कुणीच नव्हतं. चिश्तीने मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. नंतरचा रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन, काही दिवस घातला नाही की दात हलत आणि पुन्हा घातला की जागेवर येत, हे त्याच्या ध्यानात आलं. १९९७मध्ये दोघांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, १९९८मध्ये अमेरिकी सरकारची परवानगी मिळाली. २०१७पासून त्यांची मूळ पेटंट संपू लागली आणि मग आपल्याकडेही ढीगभर कंपन्या आल्या. तुला जाहिराती दिसतात त्या त्यामुळे.

आणि क्लिनिकमधला तो पडदा. पडद्यावरचे दात कुणाचंही ऐकतात, कारण त्यांना हाड नसतं. प्रत्यक्षात काय होतं, हे क्रॅविट्झ नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये मोजलं. समोरच्या दातांच्या ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झाली होती. २०२०मध्ये सुधारित प्लास्टिक आणि नव्या तंत्रानिशी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा ५० टक्क्यांवर आला. याचा अर्थ उपचार फसवे आहेत असा घेऊ नकोस. मध्येच पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे मागवावे लागतात, ते गृहीतच धरायचं असतं. त्याचे पैसे ठरलेल्या रकमेत आहेत का, एवढं आधी विचार.

तुझा वळलेला सुळा हे त्यातलं त्रासदायक प्रकरण. प्लास्टिक ढकलतं चांगलं, पण गोल दाताला फिरवायला त्याला पकड मिळत नाही. म्हणून दाताच्या रंगाची छोटी बटणं चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. "पूर्ण अदृश्य" या दाव्यात ती बसत नाहीत, पण जवळून पाहणाऱ्यालाच दिसतात. खालच्या दाटीसाठी दोन दातांमधलं इनॅमल अगदी किंचित, मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं घासतील. नीट मोजून केलं तर त्यात भ्यायचं काही नाही. पहिले काही दिवस स, श बोबडे येतील, तेही जाईल.

तुझी खरी परीक्षा तासांची. दिवसाचे २० ते २२ तास ट्रे तोंडात हवा. काढला की तंतू दाताला मागे ओढू लागतात. म्हणजे दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि ब्रश, एवढ्यातच सूट संपते. मला रायपूर ठाऊक आहे गं. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी कुणी चहाला ओढून नेणार, संध्याकाळी गुपचूपचा, म्हणजे पाणीपुरीचा ठेला. प्रत्येक वेळी ट्रे काढून, चूळ भरून पुन्हा घालायला तुला कंटाळा येणार. ट्रे ठेवून गोड चहा प्यायलीस तर साखर दातांलगत कोंडून राहते आणि कीड लागते. ट्रे कोमट पाण्यानेच धू, गरम पाण्यात तो वाकतो. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नकोस.

एक आडवळणाची गोष्ट. तिकडे बऱ्याच बायका सकाळी दातांना गुडाखू घासतात, गूळ-तंबाखूचं ते डबीतलं मिश्रण. हॉस्टेलात कुणी "मंजन आहे" म्हणून दिलं तर हात लावू नकोस. तंबाखूने हिरड्या आणि त्याखालचं हाड खराब होतं आणि आपलं सगळं काम हाडाच्या भरवशावर आहे.

आता ठरवायचं कुणी? घरपोच किट पाठवून, तोंडात न डोकावता अलाइनर देणारी स्माइलडायरेक्टक्लब नावाची मोठी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले लोक तसेच लटकले. तुला दात पाहणारा माणूस हवा, तोही ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर या विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला. खासगीत जायच्या आधी रायपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयाच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात एकदा दाखवून ये. रांग असेल, बस. तारा स्वस्तात आणि तुझ्या सुळ्याला जास्त बऱ्या पडतील असं ते म्हणाले, तर लगेच तोंड वाकडं करू नकोस.

ट्रे संपले की रिटेनर लागेल. हिरडीतले तंतू नव्या जागेला रुळायला वर्षभर घेतात, म्हणून रिटेनर आधी दिवसरात्र घालायचा, मग फक्त रात्री, तेही पुढे वर्षानुवर्षं. ताईच्या लग्नाला किती महिने उरलेत ते मला कळव, पण त्या तारखेवरून ट्रेचा वेग ठरवू देऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घे आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. फिल्म खिडकीशी धरून सरळ फोटो घे, तिरका नको. अक्कलदाढा कुठे लपल्यात ते आधी बघतो, मग पैशांचं बोलू.

तुझा,
मामा