जुनें म्हणून काढावें काय?

जुन्या मोटरसायकलचें इंजिन कांहीं कारणानें उघडावें लागलें, म्हणजे मालकापुढें एक प्रश्न हमखास उभा राहतो. मद्रास येथें तयार झालेल्या बुलेटचेंच उदाहरण घ्या. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांवर फिरतो तीं नीट चाललेलीं असतात. तरी मिस्त्री म्हणतो, ‘उघडलेंच आहे, तर तींही बदलून टाकूं.’ प्रश्न वरवर पाहतां कारखान्यांतला आहे. परंतु ज्याचा दोष सिद्ध झालेला नाहीं त्याला केवळ वयावरून काढून टाकणें न्याय्य आहे काय, असा तो असल्यामुळें नीतिशास्त्राचाही आहे.

मिस्त्रीचें म्हणणें टाकाऊ नाहीं. या बेअरिंगांपर्यंत पोहोचावयाचें तर इंजिन उतरवून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात, आणि ती मजुरी पुन्हां कोण भरणार? पण बेअरिंगाचें ‘आयुष्य’ म्हणून जो आंकडा सांगतात, त्याचा अर्थ पाहावा. लुंडबर्ग व पामग्रेन यांनीं १९४७ सालीं मांडलेल्या हिशेबांत तें आयुष्य भरतें, तेव्हां शंभरांतलीं नव्वद बेअरिंगें शाबूत असतात. आंकडा समुदायाचा आहे. हातांतल्या एका बेअरिंगाविषयीं तो फारच थोडें सांगतो. (आम्हां प्राध्यापकांना हें चटकन् पटावें, ठराविक वयाला आम्हांला घरीं बसवितात, तें याच न्यायानें.)

नवें तें निर्दोष, ही समजूतही तशीच. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलाच्या कामावर असतांना वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, ठरलेल्या तपासणीनंतर लगेचच विमानांत बिघाड अधिक होत व पुढें ते कमी होत जात. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. नामांकित छापाचीं बनावट बेअरिंगें बाजारांत मिळतात, तीं निराळींच.

मग तपासून ठरवावें, असें कोणी म्हणेल. खरी अडचण येथेंच आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून क्रँककेस तापविली कीं तींत घट्ट बसलेलें बेअरिंग सुटतें. परंतु शाफ्टवरचें बेअरिंग ओढतांना जोर गोळ्यांवरून गेला, तर चांगल्या बेअरिंगालाही खांचा पडूं शकतात, आणि मग तें पुन्हां बसवूं नये. पुरतें पाहण्यासाठीं काढलें, म्हणजे बदलण्याचा निकाल होऊनच गेला! तेव्हां जागच्या जागीं रॉकेलनें धुवावें, बोटानें फिरवावें, आणि खरखर लागते काय, वरखालीं हालतें काय, खड्डे दिसतात काय, एवढ्याच पुराव्यावर ठरवावें लागतें.

खरखर लागली तर बदलावें. ‘वडिलांच्या वेळचें आहे’ ही भावना तेथें मध्यें आणूं नये. कांहींच न आढळलें तर ठेवावें, असें आमचें मत आहे. सरसकट बदलणारा मिस्त्री पुष्कळदां उद्यां येणारा बोल आजच टाळीत असतो.

राहिला संशयाचा प्रसंग. एकटाच फिरणारा मालक धोका आपल्या शिरावर घेऊं शकतो. मागच्या सीटवर बसणाऱ्या पत्नीला किंवा मुलाला मात्र या कशाची कल्पना नसते. बेअरिंग बहुधा घरघरून सूचना देतें हें खरें. पण इंजिन जाम झालें, तर मागचें चाक जागींच अडकूं शकतें. ज्या गाडीवर मागें कोणी बसणार आहे, तिच्यांत संशयाचा फायदा बेअरिंगाला देतां येत नाहीं. तेथें मालकानें मजुरी मोजावी आणि दोन्ही बाजूंचीं बेअरिंगें खात्रीच्या दुकानांतून आणून घालावीं.