उतरंड आणि मन

दारिद्र्य आणि विषमता हे दोन शब्द बहुधा एका दमात उच्चारले जातात. परंतु मनाच्या आरोग्याचा विचार करताना ते वेगळे धरावे लागतात. दारिद्र्य म्हणजे जगण्यास लागणाऱ्या गोष्टींची वानवा, तर विषमता म्हणजे समाजाच्या उतरंडीतील स्वतःच्या जागेची रोज करून दिली जाणारी जाणीव. आणि पोट भरलेले असतानाही ही जाणीव माणसाला आतून पोखरू शकते. याचा एक ठोस पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून मिळाला आहे. ब्रिटिश सनदी सेवेतील पुरुष कर्मचाऱ्यांची जी पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली आणि पुढे व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखली गेली, तिच्यातील कोणावरही उपासमारीची वेळ आलेली नव्हती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे साडेतीन पट भरले, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारखी कारणे हिशेबात घेऊनही हा फरक पुरता मिटला नाही. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा जो दुसरा अभ्यास केला, त्यातून कामावरील ताबा, म्हणजे काम कसे, केव्हा आणि किती करायचे हे ठरवण्याची मुभा, हा घटक विशेष महत्त्वाचा ठरला. ही मुभा जितकी कमी, तितका हृदयविकाराचा आणि मानसिक विकारांचा धोका अधिक.

भारतात या उतरंडीचे स्वरूप अधिक जुने आणि अधिक निर्दय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, म्हणजे अशी रचना की जिच्यात वरच्या दिशेने आदर वाढत जातो, खालच्या दिशेने तिरस्कार वाढत जातो आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खाली आणखी कोणीतरी असल्यामुळे सर्वांचा मिळून रोष उभाच राहत नाही. या रचनेचा मनावर होणारा परिणाम कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात लख्ख दिसला. मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहांतून वाट काढायची होती आणि त्याचे पैसे मिळणार होते. जात उच्चारली गेली नाही तेव्हा दलित मुले इतरांइतकीच वाटा काढत होती. पण मुलाचे, त्याच्या वडिलांचे व आजोबांचे नाव, गाव आणि जात सर्वांदेखत जाहीर झाली की त्यांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. मुलांची बुद्धी त्या काही मिनिटांत बदललेली नव्हती. त्यांना त्यांची जागा दाखवून देण्यात आली होती, आणि वर्गात, वसतिगृहात, नोकरीच्या मुलाखतीत आडनाव विचारून हेच आयुष्यभर घडत राहते, तेव्हा त्यातून येणाऱ्या खिन्नतेला केवळ व्यक्तीच्या स्वभावाचा दोष मानणे हा दुसरा अन्यायच होय.

वानवा, अवहेलना आणि ताब्याचा अभाव या तिन्ही गोष्टी एकत्र कशा येतात, हे महाराष्ट्रात उसाच्या फडात पाहावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. या कोयत्याला मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मिळते आणि ती टनामागच्या मजुरीतून फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, आणि हंगामाअखेर उचल फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या हंगामाचे बंधन होते. बाई पहाटेच्या अंधारात कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर, स्वयंपाक उरकते, दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावर वाहते आणि रात्री गाडी भरायची वेळ आली तर त्यासाठीही उठते. हिशेब मात्र पुष्कळदा नवऱ्याशी होतो. राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. यामागे वैद्यकीय गैरव्यवहाराचा भाग आहेच. पण पाळीचे दिवसही खाड्याच्या भीतीने मोजावे लागतात, तेव्हा स्वतःच्या शरीरावरचा ताबादेखील उचलीत गहाण पडतो. इतक्या मोठ्या हानीनंतर या स्त्रियांच्या मनाचे काय झाले असेल, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत अभावानेच विचारला गेला.

कर्ज आणि विवंचना यांचा विचारशक्तीवर होणारा परिणामही ऊस पिकवणाऱ्यांमध्येच तपासला गेला आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांच्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेच शेतकरी कापणीपूर्वीच्या ओढगस्तीत तर्कबुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि हाती पैसा आल्यावर सुधारले. गरीब माणूस दूरदृष्टीने वागत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावयास हवा.

उपचारांनी काही होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले गेले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. गावातली माणसे ‘टेन्शन आहे’ एवढेच सांगतात, आणि ते ऐकून घेणारे माणूस उंबऱ्यापर्यंत आले तर पुष्कळांचा जीव वाचू शकतो. मात्र कार्यकर्ती नैराश्यावर बोलू शकते, सावकाराचे व्याज तिच्या हाती नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क दिला आहे; पण ज्या बाईचे नाव बीडमधल्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत आहे, ती वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर असते, आणि सुरू झालेले उपचार नेमके हंगामात तुटतात. त्यामुळे फडापर्यंत जाणारे आरोग्य पथक जितके आवश्यक आहे, तितकाच उचलीचा लेखी हिशेब, बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होणारी तिची मजुरी आणि आजारपणाचा खाडा बंद होणेही आवश्यक आहे. या मागण्या आजवर कामगार खात्याच्या मानल्या गेल्या, त्या आरोग्य खात्यानेही स्वतःच्या म्हणून मांडाव्यात.