इंद्राची ठेव आणि आबांचं पिस्तूल



आजचं वाचन: वाल्मीकी रामायण, अरण्यकांड, सर्ग ९ आणि १०.

आज खंडेनवमी. सकाळी देवघरासमोर पाट मांडला. विळा, कुऱ्हाड, फवारणीच्या पंपाचा पाना, आईची शिलाई मशीनची कात्री, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. एक वस्तू मात्र फडक्यात गुंडाळलेलीच राहिली. ती पाटावर ठेवू की नको, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ती वस्तू म्हणजे आबांचं पिस्तूल.

दचकू नका. छर्ऱ्याचं आहे, हवेच्या दाबाचं. नेमबाजीच्या एका क्लबनं काढून टाकलेल्या मालातलं, आबांनी नागपूरला स्वस्तात घेतलेलं. आमचं गाव कारंजा तालुक्यात. सोहोळचं काळविटांचं अभयारण्य जवळच, त्यामुळे काळवीट, रोही आणि रानडुक्कर यांचा शेताशी संबंध आमच्या जन्माआधीपासूनचा. त्या पिस्तुलानं रोह्याला काही होत नाही. पण जागलीला जाताना आबा ते कमरेला लावायचे. बाबा म्हणतात, त्यांना अंधाराची भीती वाटायची, एवढंच.

आबा गेल्यावर ते पत्र्याच्या पेटीत पडून होतं. या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो तेव्हा हाताला लागलं. नळीवर लाल गंज, मुठीचं लाकूड फुटलेलं, आतलं चामड्याचं वॉशर वाळून खडखडीत झालेलं. म्हटलं, आबांची आठवण आहे, नीट करू या.

आधी कायदा वाचला, ते बरं झालं. काडतुसाचं पिस्तूल असतं तर घरी उघडायचा प्रश्नच नव्हता. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असं शस्त्र बाळगायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. हे ०.१७७ इंची, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याचं, २० ज्यूलच्या आतलं. त्याला परवाना लागत नाही. मन निर्धास्त झालं. आणि इथेच, आज कळतं, मी पहिली चूक केली. कायद्यानं हरकत घेतली नाही म्हणजे प्रश्न संपला, असं मी धरून चाललो.

काम फार सुंदर होतं हो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोट जायचं, म्हणून व्हाइसमध्ये धरून सावकाश उघडलं. वॉशरसाठी गावातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडून जाड चामड्याचा तुकडा आणला, गोल कापला, तेलात दोन दिवस भिजवला. मुठीला जवसाचं तेल, पातळ हात, मग आठवडाभर वाळवण, पुन्हा हात. नळीचा गंज पॉलिश पेपरनं काढला, आधी ४०० नंबर, मग ६००, मग १०००.

मग नळीला काळा रंग चढवायचा होता. बाजारात तयार रसायन मिळतं, पण मी जुनी पद्धत धरली. नळीच्या दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या मारल्या, तेलाचा अंश राहू दिला नाही, मीठ आणि व्हिनेगरचं पाणी पुसून ती पडवीत टांगली. श्रावणातली हवा. सकाळी बघतो तर बारीक लाल गंजाचा थर. मग तीच नळी पावसाच्या पाण्यात अर्धा तास उकळली आणि लाल गंज डोळ्यांदेखत मखमली काळा झाला. वरची भुकटी स्टील वुलनं झाडायची आणि पुन्हा टांगायची. असं सहा वेळा केलं. लाल गंज आणि हा काळा थर, दोन्हीत तेच लोखंड आणि तोच प्राणवायू. एक लोखंडाला खातो, दुसऱ्यात तेल मुरवलं की तोच लोखंडाला सांभाळतो. मी त्या पातेल्यासमोर बसून मनात अख्खं निरूपण रचलं होतं: क्रोध तोच, पण तापून निघाला की तेज होतो, वगैरे. ब्लॉगवर टाकणारही होतो. बरं झालं टाकलं नाही.

कारण मधल्या काळात आमच्या घरात बांधाचं प्रकरण चालू होतं. शेती ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. मोठ्या काकांनी यंदा नांगरताना बांध आमच्या बाजूला सरकवला, असं आमचं म्हणणं. काकांचं म्हणणं, बांध आबांच्या वेळेपासून तिथंच आहे. मोजणीचा अर्ज दिला आहे. तोवर फोनवर रोज थोडं थोडं विष.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी पिस्तूल जोडून पूर्ण झालं होतं. मी ते हातात घेऊन खिडकीशी उभा होतो आणि डाव्या हातात फोन होता. पलीकडून काकांचा मुलगा बोलत होता. आवाज दोघांचे चढलेले. आईनं चहाला हाक मारली म्हणून वळलो, तेव्हा लक्षात आलं की माझा उजवा हात सरळ पुढे ताणलेला होता. मागची खाच, पुढचा उंचवटा आणि त्याच्या रेषेत काकांच्या ओसरीवरचा दिवा. छर्रा भरलेला नव्हता. तेवढ्या लांब तो पोचलाही नसता. पण माझ्या मागे आमचा सहा वर्षांचा चिरंजीव उभा होता. त्यानंही एक हात तसाच ताणला होता आणि एक डोळा मिटला होता.

मी काही बोललो नाही. तोही हात खाली करून चहाची बिस्किटं घ्यायला पळाला.

आता आजच्या सर्गाकडे या. राम, सीता आणि लक्ष्मण दंडकारण्यात शिरत आहेत. ऋषींनी राक्षसांपासून संरक्षण मागितलं आहे आणि रामानं शब्द दिला आहे. तेव्हा सीता रामाला थांबवून एक जुनी गोष्ट सांगते. एक सत्यवचनी तपस्वी वनात राहत होता. त्याचं तप मोडायला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि आपली तलवार ठेव म्हणून त्याच्याकडे ठेवून गेला. दुसऱ्याची ठेव हरवू नये म्हणून तो तपस्वी कंदमुळं आणायला जातानासुद्धा ती बरोबर नेऊ लागला. रोज शस्त्र जवळ बाळगता बाळगता त्याची बुद्धी हळूहळू क्रूर झाली, तप सुटलं आणि अखेर तो नरकात गेला.

ही गोष्ट मी पूर्वी दोनतीनदा वाचली होती. 'वाईट संगत' असा सरधोपट अर्थ लावून पुढे गेलो होतो. या वेळी अडलो. या माणसाचं चुकलं कुठे? त्यानं तलवार मागितली नव्हती. लोभ नव्हता. तो तर प्रामाणिकपणा करत होता! ठेव सांभाळणं हा गुणच आहे. म्हणजे इंद्रानं त्याला दुर्गुणातून पाडलं नाही, सद्गुणातून पाडलं. आत शिरायला चांगलं कारण सापडलं की मग दारावर पहारा राहत नाही.

माझी कारणं बघा: आबांची आठवण, जुनी वस्तू वाया जाऊ नये, हातानं काहीतरी करावं. एकही कारण खोटं नाही. त्यामुळेच दोन महिने मी स्वतःला एकदाही विचारलं नाही की हे चालतं झाल्यावर करायचं काय. मूठ पॉलिश केली असती, नळी काळी केली असती आणि वॉशर तसंच ठेवलं असतं, तरी आठवण पूर्ण झाली असती. वॉशर कशासाठी बदललं? ते चालावं म्हणून. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आम्हा इंजिनिअर लोकांचा हा व्यावसायिक आजार आहे. 'कसं करायचं' हा प्रश्न एवढा गोड असतो की 'कशाला' हा प्रश्न ऐकूच येत नाही. टिकेट आलं, कोड लिहिला, टेस्ट पास झाल्या, बंद. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला पन्नासावा श्लोक आमच्या ऑफिसांतून पोस्टरवर असतो, त्याचा अर्थ 'काम कुशलतेनं करणं म्हणजे योग' असा लावतात. पण दोनच श्लोक आधी भगवंतांनी योग म्हणजे समत्व असं सांगून ठेवलं आहे. त्या समबुद्धीनं केलेलं कर्म ही खरी कुशलता. नळीला सहा थर देणारा हात कुशल होता यात शंका नाही. फोनवर बोलताना तो कुठं गेला, ते मी बघितलं.

कोणी म्हणेल, मग शस्त्रच वाईट का? नाही. सर्ग १० मध्ये राम उत्तर देतो. सीतेच्या बोलण्यानं तो रागावत नाही, उलट तिच्या स्नेहाचं कौतुक करतो. आणि म्हणतो की कुणा पीडिताचा आक्रोश उठू नये, म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतात. म्हणजे रामाकडे 'कशाला' याचं उत्तर तयार होतं, आणि ते स्वतःबद्दल नव्हतं. तपस्व्याकडे ते नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. जागलीवर अंधाराला घाबरणाऱ्या आबांकडे कदाचित माझ्यापेक्षा जास्त होतं.

आणि ज्याच्याकडे उत्तर होतं, त्याचंही एक दिवस संपतं. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांनी राज्य सोडलं, वस्त्रं सोडली, पण अर्जुनानं गांडीव सोडलं नव्हतं. महाभारत सरळ सांगतं की मोलाच्या वस्तूचा लोभ होता म्हणून. वाटेत अग्नी आडवा उभा राहिला. त्यानं आठवण दिली की हे धनुष्य मी तुझ्यासाठी वरुणाकडून आणलं होतं, ते परत कर. अर्जुनानं ते पाण्यात सोडलं. गांडीवसुद्धा ठेवच होती!

काल रात्री बाबांना हे सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. ते बराच वेळ पिस्तूल हातात फिरवत बसले. म्हणाले, "काम लय चांगलं केलं तू. आबा खुश झाले असते. पन मले एक सांग, बांध सरकला कितीक? हातभर? त्याच्यासाठी तू दोन महिने झोपून नाही राह्यला."

मी आज स्प्रिंग पुन्हा काढली. ती बाबांच्या पेटीत राहील आणि पिस्तूल माझ्याकडे. असं वाटतं की आबांची ठेव सांभाळण्याइतकं हे पुरेसं आहे. पण खरी दुरुस्ती स्प्रिंग काढून होत नाही, हेही कळतं. तो ताणलेला हात पिस्तुलाचा नव्हता, माझा होता. पिस्तुलानं फक्त त्याला आकार दिला.

सीता ती गोष्ट सांगून झाल्यावर नम्रपणे म्हणते की मी तुम्हाला शिकवत नाही, प्रेमापोटी आठवण देते आहे. मीही इथे कुणाला शिकवत नाही. स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहितो.

उद्या दसरा. आपल्याकडे आपट्याची पानं घेऊन थोरांच्या पाया पडायला जातात. काकांच्या घरी यंदा जायचं नाही, असं आमच्याकडे न बोलता ठरलेलं आहे. मोजणी होईल, बांध जिथे निघेल तिथे निघेल, अर्ज मी मागे घेणार नाही. पण उद्या सोनं द्यायला जाणार आहे, चिरंजीवाला बरोबर घेऊन. त्यानं माझा तो हात बघितला आहे, हाही बघू दे. काकांनी दार उघडलं नाही तर पानं ओसरीवर, त्या दिव्याखाली ठेवून येईन.

इथे लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी पळवाट काढता येणार नाही.

रामकृष्णहरी.