सटवाईच्या कागदाशेजारी अजून एक कागद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



बाळ जन्मलं की आपल्याकडे पाचव्या, कुठे सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं भाग्य लिहून जाते, अशी श्रद्धा. आपले महाराज सांगतात, "शेजारी अजून एक कागद ठेवा. सटवाई पुढचं लिहील, तुम्ही त्या दिवसाचं लिहा. आपण कुठल्या जगात आलो, ते लेकराला कळू दे."

२३ ऑगस्ट २०२३, श्रावण शुद्ध सप्तमी. बेळगावच्या आपल्या एका ताईंना त्या दिवशी नात झाली. पाचवीला आजोबा हौसेने लिहायला बसले. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, हे आधी लिहिलं. पण त्याच सकाळी मिझोराममध्ये सैरांगजवळ काम चालू असलेला रेल्वेपूल कोसळला होता. वीसहून जास्त मजूर गेले, बरेचसे बंगालमधल्या मालदा भागातले. आजोबांचा हात थांबला. घरातले म्हणाले, "शुभ कागदावर हे कशाला?" शेवटी महाराजांना फोन लावला.

महाराज म्हणाले, "गोकुळाष्टमीला आपण पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो. पण कथा सांगताना तुरुंग गाळतो का? देवकीची आधीची सहा लेकरं गेली, ते गाळतो का? आणि त्याच रात्री यशोदेच्या पोटी आलेली मुलगी? वसुदेवाने तिला मथुरेला नेलं, कंसाने शिळेवर आपटायला उचललं. ती योगमाया, हातातून निसटली. पण कृष्णावर येणारं संकट आधी तिनं अंगावर घेतलं ना? देवाच्या जन्माची गोष्टसुद्धा दुसऱ्या घराला विसरून पुरी होत नाही, बाबा. दोन्ही लिहा. आणि नुसतं लिहून ठेवू नका."

आजोबांनी दोन्ही लिहिलं. आता नातीच्या वाढदिवसाला औक्षण झालं की तो कागद वाचतात. मग गावात जिथे बांधकाम चालू असेल, तिथल्या एका मजुराच्या घरी शिधा जातो. नात आपल्या चिमुकल्या हातांनी गुळाची ढेप पुढे करते. अजून तिला पूल कळत नाही, मालदा कळत नाही. देणं मात्र कळायला लागलंय.

तेव्हा माऊलींनो, तुमच्या घरी पाळणा हलेल तेव्हा एवढं करा. तिथी-वार लिहा, पाऊसपाणी लिहा. बाळाला पहिल्यांदा हातात घेणाऱ्या सिस्टरचं नाव विचारून लिहा. त्या दिवशी जग कशाने हसलं, कशाने रडलं, ते लिहा. दुःखाची ओळ लिहिल्याने अपशकुन होत नाही. शेवटी एक ओळ आपली ठेवा, त्या रडणाऱ्या घरासाठी आपण काय करणार, ती.

ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनीही आज आठवून लिहायला हरकत नाही. आजी-आजोबांना विचारा, त्यांना सगळं आठवत असतं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏