गोंगाट सुरू होण्याआधी

१८ डिसेंबर २०२२च्या रात्री कतारमध्ये मेस्सीने विश्वचषक उंचावला, तेव्हा घरात एकटा असूनही मी मोठ्याने ओरडलो. त्या स्पर्धेसाठी राबलेल्यांत आपल्याकडचे, नेपाळचे, बांगलादेशचे मजूर होते. मृत्यूच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक कारण’ लिहिल्यामुळे अनेकांच्या घरी भरपाई पोचली नाही. हे मी वाचलेलं होतं. तरी ओरडलो. तो आनंद खोटा होता का?

१९७८ साली अर्जेंटिनाने पहिला विश्वचषक जिंकला तो मायदेशी, ब्यूनोस आयर्समध्ये, लष्करशहा विदेलाच्या राजवटीत. स्टेडियमपासून जवळच नौदलाच्या शाळेत माणसं डांबलेली होती. अंतिम सामन्यानंतर छळ करणाऱ्यांनीच एका कैदी स्त्रीला मोटारीतून जल्लोष दाखवायला नेलं. गाडीच्या छतातून तिने गर्दी पाहिली आणि तिला रडू फुटलं. आपण कोण हे ओरडून सांगितलं, तरी इथे कुणाचं लक्ष जाणार नाही, हे तिला कळलं. पुढे तिनेच हे सांगितलं.

गर्दीचा आनंद खराच होता. त्यानेच तिचा आवाज गिळला. म्हणून खेळ पाहूच नये, असं मी म्हणणार नाही. ते मला जमणारही नाही. पण सामना रंगल्यावर प्रश्न ऐकायला मी तरी कुठे जागेवर असतो?

२०३०च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला व्हायच्या आहेत. कुणाची घरं हलणार, बांधकामावर कोण राबणार, त्यांचं बरंवाईट झालं तर दाखल्यावर काय लिहिणार? हे आत्ताच विचारायला हवं. अजून शांतता आहे, ऐकू येईल.